परदेशी पीआर: एजंटकडे जाण्याआधी आपले गुण आपणच मोजा

‘कॅनडाची पीआर करायची आहे, खर्च किती येईल?’ भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या इंजिनिअरच्या, नर्सच्या किंवा आयटीआय झालेल्या फिटरच्या मनात परदेशाचा विचार आला की तो आधी हेच विचारतो. खर्चाचं नंतर बघता येईल. आपल्याला गुण किती पडतात, हे आधी कळायला हवं. तो हिशेब वहीच्या एका पानावर, तासाभरात, एक रुपयाही न देता मांडता येतो. तो न मांडता नागपूरच्या एखाद्या ऑफिसात ‘रजिस्ट्रेशन फी’ भरून येणारी मुलं आपल्या भागात कमी नाहीत, म्हणून हा लेख.

कॅनडाने १९६७ साली गुणपद्धत आणली. माणूस कुठल्या देशातला आहे हे न पाहता त्याचं वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण द्यायचे आणि त्यावर कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, द्यायचा, असं तिचं सूत्र होतं. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याच वाटेने गेले. जर्मनीने २०२४ मध्ये गुणांवर आधारलेलं ‘चान्सनकार्ड’ सुरू केलं. ही पद्धत आपल्याला सोयीची अशासाठी की तिथे ना वशिला चालतो, ना आडनाव. मात्र नियम काटेकोर असतात. जे कागदावर सिद्ध होत नाही त्याला गुण नाहीत, आणि एका गुणाने चुकलं तरी चुकलंच.

आपल्या जिल्ह्याची ओळख धानाचा आणि तलावांचा जिल्हा अशी असली तरी इथला कुशल माणूस फक्त शेतीत नाही. वरठीला पोलादाचा मोठा कारखाना आहे, गडेगावला ट्रकचा आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, आणि तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत. यंत्रांची देखभाल, वेल्डिंग, अवजड वाहनांची दुरुस्ती, खाणकाम ही कामं परदेशातल्या पात्र व्यवसायांच्या याद्यांत आहेत. गुण मोजणाऱ्याला मोठ्या शहरातली मोठी कंपनी लागत नाही. तुम्ही नेमकं काय काम केलं, किती वर्षं केलं आणि पगार कसा घेतला, एवढंच तो पाहतो.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, एक मेकॅनिकल इंजिनिअर आहे. वय ३१, लग्न झालेलं नाही, नागपूर विद्यापीठाची बीई, कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये ७ वर्षं. आयएलटीएसमध्ये लिसनिंगला साडेसात, बाकी तिन्हींना साडेसहा. कॅनडाच्या भाषेच्या मोजपट्टीवर ही आठवी पायरी होते. सीएलबी आठ म्हणतात तिला.

कॅनडाच्या फेडरल स्किल्ड वर्कर गटात शिरायला १०० पैकी ६७ गुण लागतात. याच्या वयाला १२, पदवीला २१, भाषेला २० आणि अनुभवाला १५ मिळतात. एकूण ६८. म्हणजे मुलगा पात्र आहे! एजंट इथेच थांबतो आणि पेढे वाटायला सांगतो.

पण ६७ गुणांचा हा उंबरठा फक्त आत येण्याचा आहे. आत आल्यावर सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून दुसऱ्याच मापाने मोजतात. त्याला सीआरएस म्हणतात आणि त्याचे एकूण गुण १२०० असतात. त्यात आपल्या इंजिनिअरला वयाचे ९९, पदवीचे १२०, भाषेचे ९२ आणि शिक्षण-भाषा आणि अनुभव-भाषा या जोड्यांचे मिळून ३८ मिळतात. बेरीज ३४९. या रांगेतून निवडफेऱ्यांत वरच्या गुणांच्या लोकांना अर्जाचं निमंत्रण देतात. आता रांगेची स्थिती पाहा. कॅनडातच अनुभव घेतलेल्यांसाठी २०२५ मध्ये झालेल्या निवडफेऱ्यांमध्ये शेवटच्या उमेदवाराचे गुणही पाचशेच्या वरच होते. आरोग्यसेवेच्या गटात त्याच वर्षीच्या उत्तरार्धात ते पावणेपाचशेच्या आसपास होते. ३४९ वाल्याने प्रोफाइल भरली तर ती बारा महिने पडून राहते आणि मग आपोआप रद्द होते. प्रोफाइल भरायला सरकार काही घेत नाही. पण तीच भरून देण्याचे पन्नास-साठ हजार घेणारे लोक आहेत.

पात्र असणं आणि निवडलं जाणं यांत एवढं अंतर आहे. एजंटशी बोलताना ‘मी पात्र आहे का’ असं विचारूच नका. ‘माझे सीआरएस गुण किती आणि माझ्या गटाची शेवटची फेरी किती गुणांवर थांबली’ असं विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला तर खुर्ची सोडा.

इंग्रजीचा अर्धा बँड

हाच मुलगा पुन्हा परीक्षेला बसला आणि लिसनिंगला आठ, बाकी तिन्हींना सात मिळवले, तर वाढ प्रत्येकी अर्ध्या बँडचीच झाली. पण तो नवव्या पायरीवर गेला. भाषेचे गुण ९२ वरून १२४ होतात. शिवाय शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीला १३ ऐवजी २५ आणि अनुभव व भाषा यांच्या जोडीला २५ ऐवजी ५० मिळतात. एकूण ३४९ वरून थेट ४१८. अर्ध्या बँडने ६९ गुण दिले. दुसरी पदवी घेऊन किंवा आणखी तीन वर्षं नोकरी करून एवढे गुण मिळत नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा की पैसे खर्चायचेच असतील तर आधी इंग्रजीवर खर्च करा. ही परीक्षा नागपूरला देता येते. आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना वाचन जमतं, व्याकरणही जमतं. ती अडतात ऐकण्यात आणि लिहिण्यात. ऐकण्याची सवय दोन महिन्यांच्या क्लासने लागत नाही. रोज तासभर, सहा-आठ महिने, परदेशी उच्चारांच्या बातम्या आणि मुलाखती ऐकायला हव्यात. लिहिण्यासाठी कुणीतरी चुका दाखवणारा लागतो. गावातले इंग्रजीचे निवृत्त शिक्षक हे काम उत्तम करतात, त्यांना जाऊन विचारा. कॅनडासाठी निकाल दोनच वर्षं चालतो हेही ध्यानात ठेवा आणि फार आधी परीक्षा देऊन ठेवू नका.

४१८ वरही निवड झाली नाही तर? मग फ्रेंच. ऐकून आश्चर्य वाटेल, पण कॅनडासाठी आज सर्वांत मोकळा दरवाजा तोच आहे. चारही अंगांत सातवी पायरी गाठली तर फ्रेंचचे जादा ५० आणि दुसऱ्या भाषेचे १२, असे ६२ गुण वाढतात. आपला इंजिनिअर ४८० वर जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फ्रेंच येणाऱ्यांच्या स्वतंत्र निवडफेऱ्या होतात. २०२५ मध्ये त्यांतल्या बऱ्याच चारशेच्या आसपास थांबल्या. मात्र शून्यापासून तिथवर जायला नेटाने अभ्यास करून दीड-दोन वर्षं लागतात. पंचविशीतल्या मुलाने हे जरूर करावं. पस्तिशी ओलांडलेल्याने आधी वयाचा तक्ता पाहावा.

तो तक्ता निर्दयी आहे. एकट्या उमेदवाराला २९ पर्यंत वयाचे ११० गुण मिळतात. तिशीपासून दर वाढदिवसाला पाच-सहा गुण गळतात, चाळिसाव्या वर्षी ५० उरतात आणि पंचेचाळिशीत शून्य. ‘पुढच्या वर्षी पाहू’ या शब्दांची एवढी किंमत आहे. ऑस्ट्रेलियात टप्पे वेगळे आहेत. २५ ते ३२ या वयात ३० गुण, ३३ पासून २५, चाळिशीपासून १५, आणि पंचेचाळीस पूर्ण झाली की दार बंद. तिथे वय निमंत्रण मिळण्याच्या दिवशी मोजतात, अर्ज टाकण्याच्या नाही.

अर्ज कुणाच्या नावावर?

आपल्या घरांत एक गोष्ट न बोलता ठरलेली असते. अर्ज नवऱ्याचा, बायको त्याच्यासोबत. गुणांच्या हिशेबात हे गृहीत धरणं फार महागात पडतं. एक जोडपं घ्या. नवरा ३६ वर्षांचा, बीई, बारा वर्षं नोकरी, इंग्रजी सातव्या पायरीवर. बायको २९ वर्षांची, बीएस्सी नर्सिंग, पाच वर्षं दवाखान्यात नोकरी, इंग्रजी नवव्या पायरीवर. नवऱ्याला मुख्य अर्जदार केलं तर जोडप्याचे सीआरएस गुण होतात ३०७. बायकोला मुख्य अर्जदार केलं तर ४२३. माणसं तीच, कागद तेच, फरक ११६ गुणांचा. शिवाय ती नर्स असल्यामुळे आरोग्यसेवेच्या वेगळ्या निवडफेऱ्यांत बसते, नवरा बसत नाही.

हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा आणि ज्याचे गुण जास्त त्याचं नाव पुढे करा. यात कुणाचा मान जात नाही. पीआर दोघांनाही सारखीच मिळते. ऑस्ट्रेलियातही जोडीदाराच्या कौशल्याची तपासणी करून घेतली आणि त्याचं इंग्रजी पुरेसं असलं तर १० गुण मिळतात. म्हणून लग्नानंतर घरी बसलेल्या पदवीधर बायकोची कागदपत्रं कपाटात कुजू देऊ नका.

कागद

बहुतेक फाइली गुणांवर पडत नाहीत, कागदावर पडतात. म्हणून इथे थोडं सविस्तर सांगतो.

आधी शिक्षण. आपली पदवी कॅनडातल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची हे तिथल्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. इंजिनिअरिंग, विज्ञान, वाणिज्य यांसाठी बहुतेकजण वेस या संस्थेकडे जातात. डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांच्या संस्था वेगळ्या आहेत. तपासणीसाठी गुणपत्रिकांची प्रत तुम्ही पाठवून चालत नाही, विद्यापीठाने ती थेट पाठवायची असते. भंडाऱ्याच्या पदवीधराला त्यासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात जावं लागतं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा असेल तर मुंबईच्या तंत्रशिक्षण मंडळाकडे आणि बीएस्सी नर्सिंग असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. या खेपांना वेळ लागतो. एखाद्या सत्राची गुणपत्रिका हरवली असेल तर दुय्यम प्रत काढण्याचं काम आजच सुरू करा. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि तीन वर्षांची पदवी एकच, असं स्वतः ठरवून गुण धरू नका. संस्थेचा निकाल हातात आल्यावरच ती ओळ भरा.

मग नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. बायकोच्या पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं. परदेशातल्या अधिकाऱ्याला हे सगळे लोक वेगवेगळे वाटतात. लहानसहान फरकाला प्रतिज्ञापत्र पुरतं. पूर्ण नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि गरज पडल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते. सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पासपोर्टशी बाकीचं जुळवायचं, उलटं नाही.

आणि अनुभवाचं पत्र. आपल्याकडचे मालक पत्र देतात ते असं: ‘अमुक व्यक्ती आमच्याकडे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत कामाला होती, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ या पत्राला गुण शून्य. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात हुद्दा, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, सही करणाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क हवा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तुम्ही करत असलेल्या कामांची यादी हवी. मेंटेनन्स इंजिनिअरच्या पत्रात ‘यंत्रांची देखभाल’ एवढं लिहून भागत नाही. रोलिंग मिलच्या गिअरबॉक्सची आणि हायड्रॉलिक यंत्रणेची नियोजित देखभाल, बिघाडाचं मूळ कारण शोधणं, वार्षिक शटडाउनचं वेळापत्रक बनवणं, सुट्या भागांचे आराखडे तयार करणं, हाताखालच्या फिटरांवर देखरेख, असं खरोखर केलेलं काम त्यात यायला हवं.

याच यादीवरून तुमच्या व्यवसायाचा क्रमांक ठरतो. कॅनडात मेकॅनिकल इंजिनिअरचा क्रमांक २१३०१, मेकॅनिकल तंत्रज्ञाचा २२३०१ आणि कारखान्यातल्या यंत्र-कारागिराचा ७२४००. हुद्दा ‘ज्युनिअर इंजिनिअर’ असला आणि काम हातात पाना घेऊन करायचं असलं तर क्रमांक कारागिराचाच येतो. त्यात कमीपणा नाही, तो क्रमांकही पात्र आहे. पण पत्रात काम एक आणि अर्जात क्रमांक दुसरा असं झालं की अर्ज तिथेच फेटाळला जातो. कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर प्रत्येक क्रमांकाखाली कामांचं वर्णन दिलेलं आहे. ते वाचा, पण शब्दशः उतरवून पत्रात घालू नका. तपासणारे रोज तेच वाचतात, उतरवलेलं त्यांना लगेच कळतं.

आपल्या जिल्ह्यात अनेकजण कारखान्याच्या आत काम करतात, पण नोकरी असते ठेकेदाराकडे. त्यांनी पत्र ठेकेदाराकडून घ्यावं आणि त्याला पीएफचं पासबुक, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि बँकेचा उतारा जोडावा. ठेकेदार निघून गेला असेल तर पीएफची नोंद हाच मोठा आधार उरतो, म्हणून आपला यूएएन क्रमांक चालू आहे का ते आज तपासा. खासगी दवाखान्यात किंवा शाळेत रोख पगारावर काढलेली वर्षं बहुधा वाया जातात, कारण ती सिद्ध करता येत नाहीत. अशा ठिकाणी असाल तर याच महिन्यापासून पगार बँकेत मागा. मालक नाखूश झाला तरी मागा.

आयुध निर्माणीत किंवा दुसऱ्या सरकारी आस्थापनेत असलेल्यांनी आधी खात्याच्या परवानगीचं पाहावं. कॅनडाच्या अर्जात सरकारी, लष्करी आणि पोलीस सेवेचा तपशील वेगळा विचारतात. तो लपवू नये. पार्श्वभूमीच्या तपासणीला जास्त वेळ लागू शकतो, एवढंच. आणि पत्रात कामाचं वर्णन करताना उत्पादनाची गुप्त माहिती जाणार नाही, ही जबाबदारी तुमची.

ऑस्ट्रेलिया, जर्मनी आणि अमेरिका

वरच्याच ३१ वर्षांच्या इंजिनिअरला ऑस्ट्रेलियाच्या पट्टीवर मोजू. वयाचे ३०, पदवीचे १५, सात वर्षांच्या अनुभवाचे १०, लग्न न झाल्याचे १०, आणि इंग्रजी ‘प्रोफिशियंट’ असेल तर १०. एकूण ७५. किमान मर्यादा ६५ आहे, पण इथेही पात्र आणि निवडलेला यांत अंतर आहेच. इंग्रजी ‘सुपिरिअर’ पातळीवर नेलं की ८५. एखाद्या राज्याने नामांकन दिलं तर आणखी ५, आणि महानगराबाहेर राहण्याची अट असलेल्या ४९१ व्हिसावर १५. मला विचाराल तर भंडाऱ्याच्या माणसाने या शेवटच्या वाटेकडे आवर्जून पाहावं. लहान गावात राहण्याची सवय आपल्याला आहेच, आणि खाणींची, अवजड यंत्रांची कामं तिथेही महानगरांपासून दूरच असतात. मात्र ४९१ हा व्हिसा पीआर नाही. तिथे काही वर्षं राहून आणि कमावून मग पीआर मागायची असते.

ऑस्ट्रेलियात कौशल्याची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर. इंजिनिअरांसाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, संगणकवाल्यांसाठी एसीएस, नर्सेससाठी अॅनमॅक. इंजिनिअरिंगच्या पदव्या परस्परांना मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे. पण त्याचा लाभ एनबीए या मान्यता मंडळाची पहिल्या श्रेणीची मान्यता असलेल्या पदव्यांनाच मिळतो, आणि आपल्या भागातल्या बहुतेक महाविद्यालयांच्या पदव्या त्यात बसत नाहीत. मग स्वतःच्या कामावरचे तीन सविस्तर प्रसंग इंग्रजीत लिहून द्यावे लागतात. हे लिखाण दुसऱ्याकडून विकत घेऊ नका. उचललेला मजकूर सापडला तर अर्ज तर जातोच, वर काही काळ बंदीही येते.

आयटीआयवाल्यांनी मन घट्ट करून ऐकावं. कॅनडाच्या सीआरएसमध्ये पदवी नसलेल्या माणसाला मध्यम इंग्रजीवर जेमतेम तीनशेच्या आसपास गुण पडतात, आणि तेवढ्यावर आज निवड होत नाही. तुमची वाट जर्मनीकडून जाते. चान्सनकार्डासाठी मायदेशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे आपल्याकडचे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर एक वर्षाचा, म्हणून तो एकट्याने पुरत नाही. त्याशिवाय जर्मनची पहिली पायरी किंवा बऱ्यापैकी इंग्रजी हवं, आणि सहा गुण. पस्तिशीच्या आतल्या वयाला २, गेल्या सात वर्षांत पाच वर्षं काम केलं असेल तर ३, जर्मन दुसऱ्या पायरीवर असेल तर १. झाले सहा. हे कार्ड नोकरी शोधायला एक वर्ष देतं. त्या वर्षाचा खर्च आधी दाखवावा लागतो. २०२५ मध्ये तो महिन्याला १,०९१ युरो होता. नोकरी मिळून शिक्षणाला मान्यता मिळाली की तीन वर्षांनी आणि जर्मन तिसऱ्या पायरीपर्यंत, म्हणजे बी१ पर्यंत, आल्यावर कायम वास्तव्य मागता येतं. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करारही केला आहे. त्याची चौकशी सरकारी कार्यालयातच करावी, मधल्या माणसाकडे नाही.

न्यूझीलंडची गुणपद्धत सोपी दिसते, सहा गुण पुरतात. पण तिथल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी हातात असल्याशिवाय तिचा उपयोग नाही.

अमेरिकेत गुणपत्रक नाहीच. तिथे स्वतःच्या गुणवत्तेवर ग्रीन कार्ड मागण्याच्या दोन वाटा आहेत. असामान्य कर्तृत्वाच्या वाटेत दहा कसोट्यांपैकी किमान तीन सिद्ध कराव्या लागतात: पुरस्कार, स्वतःवर छापून आलेलं लिखाण, दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण, मूळचं संशोधन असल्या कसोट्या. दुसरी वाट राष्ट्रहिताची आहे. आपलं काम अमेरिकेच्या उपयोगाचं आहे हे पटवायचं. ती तुलनेने सोपी, पण भारतात जन्मलेल्यांची त्या गटातली रांग दहा वर्षांहून मोठी आहे, कारण एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती नागरिकत्वावर नाही, जन्मस्थानावर मोजतात. संशोधन करणाऱ्या मुलांनी पहिल्या वाटेचा पुरावा आतापासून जमवत राहावा. इतरांनी त्यात पैसा घालू नये.

पैसा, शेती आणि एजंट

कॅनडात नोकरी नसलेल्या एकट्या माणसाला तिथल्या पीआरसाठी २०२५ च्या दराने १५,२६३ कॅनेडियन डॉलर, म्हणजे साडेनऊ लाख रुपयांच्या आसपास, स्वतःच्या खात्यात दाखवावे लागतात. चौघांच्या कुटुंबाला २८,३६२ डॉलर. हा खर्च नाही, हा पैसा तुमच्याकडेच राहतो. पण तो मोकळा हवा. शेत, घर, सोनं त्यात धरत नाहीत, कर्ज चालत नाही, आणि बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक येते. आदल्या आठवड्यात नातेवाइकांकडून गोळा करून भरलेली रक्कम लगेच ओळखू येते. वडिलांनी दिली असेल तर दानपत्र आणि पैसा कुठून आला त्याचा पुरावा जोडा. सरकारी शुल्क २०२४ च्या दराने एका प्रौढाला १,५२५ डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे ८५.

यासाठी शेती विकायची घाई कुणी करू नये. निमंत्रण येईपर्यंत तर मुळीच नाही. पीआर घेतली तरी तुम्ही भारताचे नागरिकच राहता, पासपोर्ट भारताचाच राहतो, आणि आधीची किंवा वारशाने आलेली शेती तुमच्या सातबाऱ्यावर राहू शकते. परदेशात स्थायिक झाल्यावर नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. म्हणजे विकलेली बांधी परत घेण्याचा रस्ता बंद होतो. हे वडीलधाऱ्यांसमोर बसून बोला. कॅनडाची पीआर टिकवायला दर पाच वर्षांत किमान दोन वर्षं तिथे राहावं लागतं, हेही त्यांना सांगा. एकुलता एक मुलगा असाल तर आईवडिलांच्या म्हातारपणाची सोय हा या हिशेबातला गुण नसलेला पण सर्वांत जड रकाना आहे.

सगळे एजंट वाईट नसतात. किचकट प्रकरणात चांगला सल्लागार लागतो. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा सदस्य किंवा तिथला वकील असायलाच हवा. त्याचा सदस्य क्रमांक मागा आणि त्या संस्थेच्या सार्वजनिक यादीत स्वतः पाहा. तो अर्जावर स्वतःचं नाव घालायला तयार नसेल तर व्यवहार करू नका. नोकरी लावून देणाऱ्यांचा कायदा वेगळा आहे. भारतात १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेला एजंटच परदेशी नोकरी देऊ शकतो आणि तो उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेऊ शकत नाही. त्याची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसते.

एक थाप सध्या फार चालते. ‘कॅनडातली जॉब ऑफर घ्या, पन्नास गुण वाढतात, दहा-पंधरा लाख लागतील.’ जॉब ऑफरचे सीआरएस गुण कॅनडाने २५ मार्च २०२५ रोजी पूर्ण काढून टाकले. त्या कागदाला आता शून्य गुण आहेत, आणि तो विकणं हा तिथे गुन्हा आहे. खोटं अनुभवपत्र सापडलं तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, ऑस्ट्रेलिया तीन वर्षं. बंदी एजंटवर येत नाही, तुमच्यावर येते.

नियम आणि गुण दर काही महिन्यांनी बदलतात. म्हणून वहीतला हिशेब पूर्ण झाला की तो त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच्या गणकयंत्रात पुन्हा घालून पाहा. कॅनडाचं गणकयंत्र मोफत आहे आणि त्यासाठी नाव-पत्ताही द्यावा लागत नाही. तिथे आलेला आकडा तुमच्या गटाच्या गेल्या सहा महिन्यांतल्या निवडफेऱ्यांपेक्षा पन्नासाहून जास्त गुणांनी कमी असेल तर अर्जावर पैसे घालू नका, ते भाषेच्या अभ्यासावर घाला. अंतर त्याहून कमी असेल तर उद्याच नागपूर विद्यापीठात जाऊन गुणपत्रिकांसाठी अर्ज द्या. तीच रांग सर्वांत हळू सरकते.